एक कोटी अणू वाळले

सन १९३३, चैत्रातला शुक्रवार, संध्याकाळ. रक्कम साडेतीन रुपये, पन्नास तक्ते छापण्याची. हजर: चाटी गल्लीतल्या छापखान्याचे मालक, आमच्या माडीवर भाड्याने राहणारे शास्त्राचे मास्तर आणि मी. मी गिरणीत हिशेबनीस, म्हणून आकडे पाहायला मला नेले होते.

मास्तर हायस्कुलात दोन वर्षे तात्पुरते होते. सोमवारी शाळा तपासायला इन्स्पेक्टर यायचे होते. त्यांना शास्त्राचा वर्ग पसंत पडला तर मास्तर कायम, नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर येऊ नये, असे हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितले होते. मास्तरांनी तक्ता योजला. त्यावर एकच सरळ रेघ आणि खाली मजकूर: ‘या रेघेत एक अब्ज अणू शेजारी शेजारी बसतात.’ एक प्रत भिंतीला, बाकीच्या मुलांना. धास्ती एवढीच, की हे साहेब खिशात घडीची पट्टी ठेवत. मागल्या वर्षी त्यांनी बाके मोजली, फळा मोजला, आणि एका मास्तरांची छडीसुद्धा.

“रेघ किती लांब?” मालकांनी विचारले.

“एक अब्ज अँगस्ट्रॉम.”

“ते आमच्याकडं न्हाय. आमच्याकडं एम हाय आन् पॉइंट हाय. बारा पॉइंटांचा एक एम. लग्नपत्रिका असू द्या न्हायतर नाटकाची जाहिरात, त्यातच बसवायची.”

“अहो, अँगस्ट्रॉम म्हणजे हायड्रोजनच्या एका अणूएवढी लांबी. एका सेंटिमीटरात दहा कोटी.”

“मग तुमीच जुळवा की टाईपाचे खिळे!”

दोघांनी माझ्याकडे पाहिले. अब्ज अणू म्हणजे दहा सेंटिमीटर, इथपर्यंत सोपे होते. पॉइंटाचे माप टाईप ओतणाऱ्यांच्या यादीत इंचात दिले होते. ते इंचातून सेंटिमीटरात आणि सेंटिमीटरातून अणूंत नेले, तेव्हा एका पॉइंटात पस्तीस लाख अणू बसले, वर पंधराएक हजार. भागाकार करून रेघ आली तेवीस एम, साडेआठ पॉइंट.

“रेघ छापायची चोवीस एमची पितळी पट्टी तयार हाय,” मालक म्हणाले. “तीच टाकू की. साडेतीन पॉइंटांनी काय बिघडतंय?”

“सव्वा कोटी अणूंनी बिघडतंय,” मी म्हणालो.

“एवढे? मग घासतो बाबा.”

त्यांनी कानस घेतली. ते घासत, मी माझी पोलादी फूटपट्टी लावत असे आणि मास्तर श्वास रोखून उभे. पहिला कागद निघाला. रेघ मोजली, काटेकोर दहा. मी कोपऱ्यात ‘बरोबर’ लिहून सही केली. कागद हाताला ओलसर लागला. तो मालकांचा घाम असेल, असे मला वाटले.

शनिवारी दुपारी मास्तर जिना उतरून आले. तोंड उतरलेले.

“काका, रेघ नऊ सेंटिमीटर नऊ मिलिमीटर भरते.”

“पट्टी वाकडी धरली असेल.”

मी मोजली. नऊ पूर्णांक नऊ. दुसरा कागद, तिसरा कागद, तेच. मिलिमीटर गेला म्हणजे एक कोटी अणू गेले.

तसेच छापखान्यात गेलो. मालक शांतपणे म्हणाले, “कागद वाळला की आटतोच. शाई नीट बसावी म्हणून आमी आदल्या दिवशी पाणी मारून दाबाखाली ठेवतो. पत्रिकेत नवरा-नवरी आटली म्हणून कुणी तक्रार न्हाय केली.”

घरी आल्यावर आमच्या मंडळींनी विचारले, “तिघं मिळून बसलात, आणि एक रेघ ओढता आली नाही?”

मास्तर म्हणाले, “साहेब यायच्या आधी तक्त्यावर पाणी शिंपडलं तर?”

“सोलापुरात? चैत्रात? साहेबांनी पट्टी उलगडेपर्यंत पंचवीस लाख उडून जातील.”

मी कागद-पेन्सिल घेतली. रेघ शंभरात एक आटते, तर शंभरात एक लांब छापायची. पुन्हा पॉइंट केले. दोनशे सत्त्याऐंशी आणि वर थोडे. म्हणजे जवळजवळ चोवीस एम. तो आकडा घेऊन आम्ही पुन्हा छापखान्यात गेलो.

“म्हंजे माझीच पट्टी?” मालकांनी विचारले.

“तुमचीच. पण आता कारणासकट.”

त्यांनी दुसरी अखंड पट्टी काढली. रविवारी सकाळी छापून सगळे कागद आमच्या गच्चीवर दोरीला टांगले. संध्याकाळी कुरकुरीत वाळल्यावर मोजले. रेघ दहा सेंटिमीटर आणि वर नखाच्या कडेएवढी. मास्तर एवढ्यावर खूश होते. मी त्यांना वरचा आकडाही पाठ करायला लावला.

सोमवारी काय झाले ते मास्तरांनीच येऊन सांगितले. साहेबांनी पट्टी लावली, चष्मा पुसला, पुन्हा लावली.

“किंचित जास्त आहे, मास्तर.”

“होय साहेब. सुमारे वीस लाख अणू जास्त आहेत. कागद वाळताना किती आटेल याचा अंदाज तेवढा चुकला.”

“हे कोणी मोजलं?”

“आमच्या घरमालकांनी.”

साहेबांनी पट्टी मिटून खिशात ठेवली आणि त्या दिवशी बाके मोजली नाहीत. जाताना हेडमास्तरांना विचारले, “हे गृहस्थ अजून तात्पुरते का?” जूनमध्ये मास्तर कायम झाले.

छपाईचे साडेतीन रुपये मास्तरांनी दिले. दुसऱ्या खेपेची मजुरी मालकांनी घेतली नाही, फक्त कागदाचा एक रुपया मागितला. ओल्या कागदावर सही माझी होती, तेव्हा तो मी दिला. घासलेली पट्टी कोणत्याच कामाची राहिली नव्हती, तिचे दोन आणे वेगळे. घासायला मीच लावली होती. एकूण एक रुपया दोन आणे, छापखान्याच्या मालकांना, रोख.