चाबीवाली बाई

कुणाच्याही घरी राहायला गेल्या तरी बाई बॅग रिकामी करत नसत. लागेल ती साडी काढायची, धुऊन वाळली की घडी करून पुन्हा बॅगेत. छोटी बुद्धमूर्तीसुद्धा सकाळची वंदना झाली की रुमालात गुंडाळून आत जायची. एकदा मी आमच्या कपाटाचा खालचा खण मुद्दाम मोकळा करून दिला, तर म्हणाल्या, "राहू दे वं सुनंदा. लोकाच्या घरात बॅग उघडायची, रिकामी नाही करायची. रिकामी केली की माणूस पाय पसरते." तो खण मग तसाच रिकामा राहिला.

आमगावच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या आणि मी गणित. बाईंनी लग्न केलं नव्हतं, म्हणून गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं की या रिकाम्याच आहेत. कुणाकडे लग्न निघालं, कुणी नागपूरला दवाखान्यात, की घर राखायला बाईंना बोलवा. "तुम्हाले काय बाई, एकट्याच तर आहा!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता नुसतं आठवलं तरी थकायला होतं. बाई मात्र जायच्या. अर्ध्या गल्लीच्या किल्ल्या त्यांच्या पर्समध्ये खुळखुळायच्या, म्हणून शाळेतल्या पोरांनी त्यांचं नाव चाबीवाली बाई पाडलं.

आम्ही एका लग्नाला निघालो आणि बाई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या, तेव्हा माझ्या सासूबाईंनी स्वयंपाकघराला वेगळं कुलूप घातलं. बाई बौद्ध, आमचं घर पोवारांचं. कारण कुणी बोललं नाही आणि कळलं मात्र सगळ्यांना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी शांतपणे बाहेरच्या दाराची किल्ली सासूबाईंच्या हातावर परत ठेवली. "काकू, अर्धं घर नाही राखत मी. द्यायची तर पूर्ण घराची चाबी द्या." गाडीची वेळ झाली होती, वऱ्हाड स्टेशनवर पोचलं होतं. सासूबाईंनी तोंड वाकडं करत कुलूप काढलं. आम्ही परतलो तर डबे जागच्या जागी, शेळ्यांची पोटं भरलेली, तुळशीला पाणी घातलेलं. पुढच्या लग्नाला सासूबाईच म्हणाल्या, "मास्तरीणबाईले सांगून ये आधी."

निवृत्तीनंतर इंग्लंडात राहणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीने त्यांना फोनवर सांगितलं की तिकडेही लोक सुट्टीवर जाताना घर आणि कुत्री-मांजरी राखायला माणूस शोधतात. इंटरनेटवर वर्गणी भरून नाव घालायचं. पगार मिळत नाही, पण राहण्याचं भाडंही पडत नाही. बाई हसत सुटल्या. "म्हणजे मी जनमभर करून राहिली, तेच करायले लोक विमानानं जातात?" नाव घालायला ओळखीच्या माणसांची शिफारस लागत होती. एक मी लिहिली, डिक्शनरी पुढ्यात घेऊन, की बाईंनी आमचं घर आणि दोन शेळ्या उत्तम सांभाळल्या. शेळ्या खोडू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "खोडतेस काऊन? खरं आहे न!" त्या शेळ्यांच्या जोरावर बाईंना इंग्लंडातलं पहिलं घर मिळालं.

पेन्शनीतून तिकिटापुरते पैसे साठले की बाई निघायच्या. हॉटेलात राहून जग बघणं त्यांना सात जन्मात जमलं नसतं. "तिकीट माझं, छप्पर त्यांचं, तांदूळ आमगावचा," असा त्यांचा हिशेब होता. इंग्लंडात म्हातारी मांजर सांभाळली, पोर्तुगालात कोंबड्या. घरात शिरल्या की आधी मोबाइलवर प्रत्येक फळीचा फोटो काढायच्या, म्हणजे निघताना वस्तू बरोबर जागच्या जागी जावी. मी फोनवर विचारायची, "काय काय पाहिलं बाई?" तर उत्तर यायचं, "मांजरीचं औषध दोन टाइम आहे, लांब नाही जाता येत. पण गल्ली पूर्ण पाहिली." मला त्या गल्लीचाही हेवा वाटायचा, स्पष्टच सांगते. मी इथे उत्तरपत्रिका तपासत बसलेली असायची.

जन्मभर लोकांची घरं राखणाऱ्या बाईंचं स्वतःचं घर राखायचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी किल्ली पुतण्याला दिली. दुसऱ्या कुणाला देणार? राजू तेव्हा गोंदियाला भाड्याने राहायचा. संध्याकाळी येऊन दिवा लावत जा, एवढंच सांगितलं होतं. आधी तो येऊन जाऊन असायचा, मग बायकोला घेऊन राहायला आला, मग तिथेच त्याला मुलगी झाली. एका प्रवासातून बाई परतल्या तर त्यांचा पलंग समोरच्या खोलीत आलेला आणि त्यांच्या खोलीत पाळणा. राजू गोड बोलला, "आत्या, तू तर जातच राहतेस. दर वेळी सामान कायले हलवायचं?"

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा बाई मोबाइल घेऊन भिंतीतल्या फळीसमोर उभ्या होत्या. फोटो काढत होत्या. स्वतःच्या घरात! माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "बाई, घर तुमच्या नावावर आहे. चला माझ्याबरोबर वकिलाकडे." त्या पाळण्याकडे बघत राहिल्या. "आणि त्या लेकराले घेऊन राजू कुठं जाईल? राहू दे वं, मी थकली." बाईंच्या तोंडून मी 'थकली' हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतरचा त्यांचा प्रवास मला कधी प्रवास वाटला नाही. पूर्वी त्या घर राखून परत यायच्या, आता परत यायला लागू नये म्हणून एकामागून एक घरं धरायच्या. मग गुडघे गेले. कुत्र्याने पट्टा ओढला की तोल जायचा, आणि घरमालकांना तरुण माणसं हवी असायची. शेवटी एका दुपारी बाई बॅग घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. आत येईनात. "सुनंदा, कुठं जाऊन राहिले का तुम्ही? घर राखायचं आहे का?"

राहायला या, म्हटलं असतं तर चहा पिऊन चालत्या झाल्या असत्या. पाहुणी म्हणून त्या कुणाकडे कधीच राहिल्या नाहीत. मी म्हटलं, "बरं झालं आलात! आम्ही आजच दवनीवाड्याला निघालोय, दिराच्या शेतावर, धानाच्या रोवणीला." आमच्या यांनी तोंड उघडलं आणि माझा चेहरा बघून मिटलं.

तेव्हापासून आम्ही दोघं म्हातारे आमगाव ते दवनीवाडा करत राहिलो. रोवणी संपली की निंदण, निंदण संपलं की कापणी, आणि काहीच नसलं की दिराची तब्येत. दिराची तब्येत आमच्यापेक्षा चांगली होती. हे बसमध्ये कुरकुरायचे, "स्वतःच्या घरातून स्वतःच हाकलून निघालो बापा!" माझीही कंबर मोडून यायची. पण परतलं की बाई दारात, किल्ली माझ्या हातावर, आणि पहिलं वाक्य, "सगळं जसंच्या तसं आहे, पाहून घे." मग दोन-चार दिवसांत, त्या बॅग उचलायच्या आत, मी नवं कारण शोधायची.

यंदाच्या कापणीला आम्ही तिकडे असताना शेजारणीचा फोन आला. बाईंना तापात गोंदियाच्या दवाखान्यात नेलं होतं. मी बसस्टँडवरून तशीच तिकडे गेले. त्यांनी उशीखाली हात घातला, किल्ली तिथेच होती, पण या वेळी दिली नाही. "चाबी राहू दे थोडी माझ्यापाशी," म्हणाल्या. मला वाटलं, तापात बोलताहेत. त्या त्यातून उठल्या नाहीत. सगळे विधी राजूनेच केले, तेवढं मी त्याच्या पदरात घालते.

विधी आटोपून मी परतले आणि घराचं कुलूप काढलं, तेव्हा तो आत्याचं सामान न्यायला माझ्याबरोबरच आला. मी दिवाणाखालची बॅग ओढली तर ती नुसती हवेसारखी हाताशी आली. आत काही नव्हतं. कपाट उघडलं. खालच्या खणात बाईंच्या साड्या ओळीने लावलेल्या, शेजारी इंग्लंडचा स्वेटर. स्वयंपाकघरात गेले तर खिडकीच्या फळीवर, माझ्या मिठाच्या बरणीशेजारी, बुद्धमूर्ती. पुढ्यात वाटी, वाटीत सुकलेली शेवंती. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि हमसून हमसून रडले.

"काकू, सामान?" राजूने बाहेरून हाक मारली.

"बॅग पाहिजे तर ने," मी म्हटलं. "सामान बाईंनी घरात लावलंय. ते इथून हलायचं नाही."