केळव्याचा किल्ला कस्टममध्ये

आमच्या ग्रुपमध्ये माणसं चारच. खेळायला फक्त रविवार मिळतो, आणि नव्या गेमची वाट बघायला उरलेला सगळा आठवडा. वाट बघणारी माणसं काहीबाही बोलतात, काहीबाही करून बसतात, आणि किस्से साठत जातात. गेमच्या किमती दर दोन महिन्यांनी वाढतायत. किस्से मात्र अजून फुकट मिळतात, म्हणून सांगते.

आधी माणसं. मी सुजाता, मूळची कराडची, तारापूर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये. देवरे बोईसरलाच एका कारखान्यात पर्चेसला आहेत, त्यामुळे कोथिंबीर घ्यायची म्हटली तरी त्यांना तीन कोटेशन लागतात. हेमंत मेहेर मुरब्याचा, घरची मासेमारीची बोट. आणि केळव्याचे राऊतकाका. शाळेत इतिहास शिकवून रिटायर झाले, आता सुपारीची वाडी बघतात. काकांना काचबिंदू आहे. म्हणजे आहे ती नजर थेंब घालून टिकवायची, गेलेली परत येत नाही.

आमचा खेळ म्हणजे टेबलावर पसरलेला लढाईचा नकाशा, त्यावर षटकोनी घरं आणि पुठ्ठ्याच्या नखाएवढ्या सोंगट्या. एक सोंगटी म्हणजे एक पलटण. मध्यंतरी परदेशातल्या एका छोट्या प्रकाशकाने जाहीर केलं, वसईच्या मोहिमेवर गेम काढतोय. वेबसाइटवर कच्चा नकाशा टाकला होता, आणि त्यात काकांच्या गावचा किल्ला होता. बारीक अक्षरात नावही होतं, केळवे. काकांनी फोनवर तो भाग मोठा करकरून बघितला आणि म्हणाले, "मला दिसतंय तोवर हा खेळायचा."

तेव्हापासून प्रत्येक उशीर आम्ही काकांच्या डोळ्यांच्या हिशेबाने मोजायला लागलो.

*

बुकिंग सुरू झालं आणि देवरेंनी एक्सेल शीट उघडली. आत्ता घेतला तर किती, छापून झाल्यावर घेतला तर किती, मुंबईच्या दुकानात येईपर्यंत थांबलो तर किती. डॉलर, जहाजाचं भाडं, कस्टम, सगळं घातलं. अर्धा तास आम्हाला समजावत होते. तेवढ्यात देवरेवहिनी चहा घेऊन आल्या.

"म्हणजे आत्ता घेतला तर महाग, आणि नंतर घेतला तर आणखी महाग?"

"करेक्ट!" देवरे खूश झाले.

"आणि घेतलाच नाही तर?"

देवरे शीट वर-खाली करत राहिले. तो कॉलम घातलाच नव्हता!

चौघांत मिळून एक बुक केला.

*

हेमंतच्या आईला या प्रकारात काहीच गम्य नाही. एकदा जुना एक गेम तो मुरब्याला घेऊन गेला. आई अंगणात बोंबील सुकत घालत होती. खोकं बघून म्हणाली, "ह्यात काय हाय?"

"लढाई."

"पुठ्ठ्याची? कितीला पडली?"

हेमंतने खरी किंमत सांगितली. आमच्यातल्या कुणीच घरी असं करत नाही, पण हेमंत साधा माणूस.

"आरं, इतक्यात नवं जालं आलं असतं! बरं, जिकला तर काय मिलतं?"

"काय नाय."

"आनि हरला तर?"

"काय नाय."

"मंग मी आन् तुजा बाप घरात करतो तेच की! आमी फुकटात करतो."

*

गेम छापायला वेळ होता, म्हणून प्रकाशकाने कच्च्या सोंगट्यांची फाइल सगळ्यांना पाठवली. ठरलं, तोवर आपणच एक सेट बनवायचा. काकांचा आग्रह होता. स्टेशनजवळ झेरॉक्स काढल्या, चिकूच्या खोक्यांचा पुठ्ठा आणला, आणि चिकटवायचं काम माझ्याकडे आलं. लॅबवाली आहे, हात स्थिर असणार, असा सगळ्यांचा समज.

सोंगटीला दोन बाजू असतात. पलटणीला मार बसला की सोंगटी उलटायची, मागे तीच पलटण कमजोर झालेली असते. मागच्या कागदावर सोंगट्यांचा क्रम आरशातल्यासारखा उलटा घ्यायला लागतो, नाहीतर एकीची पाठ दुसरीला चिकटते. मी सुलटाच ठेवला.

पहिल्या रविवारी काकांचे घोडेस्वार तारापूरच्या तटाला भिडले, फासा वाईट पडला, काकांनी सोंगटी उलटली, आणि स्वार पोर्तुगीज झाले! प्रत्येक लढाईत तेच. मार बसला की आमचे त्यांच्यात, त्यांचे आमच्यात.

मी म्हटलं, सगळ्या परत चिकटवते. काका म्हणाले, "राहू दे गं. बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, यात न पटण्यासारखं काही नाही."

*

पालघरला काकांची डोळ्यांची तपासणी होती, मी सोबत गेले होते. एका मशीनमध्ये तोंड घालून बसायचं, बारीक दिवा चमकलेला दिसला की बटण दाबायचं. त्यावरून नजर किती उरलीय ते कळतं.

रिपोर्ट बघून डॉक्टर गोंधळले. "आजोबा, दिवा नव्हता तिथेही तुम्ही बटण दाबलंय!"

"हो."

"का?"

"दिसत नाही म्हणून शत्रू नाही असं कसं धरायचं? बराच वेळ शांतता होती, म्हणजे येणारच होता."

डॉक्टरांनी पुन्हा बसवलं. दुसरा रिपोर्ट खरा आला. तो चांगला नव्हता.

काकांना घरी सोडायला निघाले. मला फार वाईट वाटलं. केळवं यायच्या जरा आधी त्यांनी विचारलं, "प्रकाशकाचं काही मेल?"

*

मेल आलं, पण कसलं! जहाजाचं भाडं वाढलंय, आणखी चार महिने लागतील, जादा रक्कम भरा. नको असेल तर पूर्ण पैसे परत.

देवरे उडालेच. "घेऊन टाकू परत! मधल्या काळात डॉलर चढलाय. न खेळता फायदा! आयुष्यात पहिल्यांदा या छंदात फायदा होतोय!"

हेमंत म्हणाला, "काका, तुमी बोला."

काका थेंब घालून डोळे मिटून बसले होते. "घ्या की परत. फक्त त्या रिफंडवर मला केळवं कुठंय ते दाखवा."

देवरेंनी जादा रक्कम त्याच संध्याकाळी स्वतः भरली, आमच्याकडून एक पैसा घेतला नाही. मी त्यांना मनापासून थँक यू म्हणणार होते, पण ते प्रकाशकाला जीएसटीचं बिल मागणारं मेल लिहीत बसले होते.

*

मग खोकं कस्टममध्ये तीन आठवडे. शेवटी कुरिअरवाला माझ्या कंपनीच्या गेटवर आला, ड्युटीचा कागद पुढे केला. मी पैसे दिले, तरी त्याचा पाय निघेना.

"मॅडम, इसमें है क्या?"

"पुठ्ठा है," मी म्हटलं. एवढ्या उन्हात मोहीम कोण समजावणार?

त्याने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा खोक्याकडे. "मेरा भाई पुठ्ठे की फॅक्टरी में है, मॅडम. अगली बार मुझे बोल देना!"

*

रविवारी हेमंतने काकांना बाइकवरून देवरेंकडे आणलं. एव्हाना काकांचा डावा डोळा गेल्यात जमा होता. उजव्याने समुद्राचा निळा आणि जमिनीचा हिरवा एवढं कळायचं, अक्षरं नाही. सोंगट्या आम्ही वाचून दाखवणार होतो, ते आधीच ठरलेलं.

देवरेंनी नकाशा टेबलावर पसरला. काका खुर्ची ओढून पुढे सरसावले. "आधी केळवं दाखव."

मी शोधलं. तारापूर होतं. केळव्याशेजारचं माहीम होतं. अर्नाळा होतं, वसई तर केवढीतरी मोठी. केळवे नव्हतं. हेमंतने नियमांचं पुस्तक चाळलं आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्यापुढे धरलं. नकाशात गर्दी नको म्हणून काही छोटे किल्ले शेवटच्या छपाईत काढून टाकले होते.

देवरेंनी माझ्याकडे बघितलं.

"सापडलं का?" काकांनी विचारलं.

मी काकांचं बोट धरलं आणि माहीमशेजारच्या एका रिकाम्या घरावर ठेवलं. "हे बघा काका. केळवं."

"नाव छापलंय?"

"लाल अक्षरात हाय, काका," हेमंत म्हणाला. "मोठं."

"आणि किल्ला?"

"किल्ला पण आहे, बुरुजासकट," देवरे म्हणाले. "पैसे वसूल!"

काका हसले. बोट बराच वेळ तिथेच राहिलं. मग त्यांनी ते न उचलता निळ्याच्या कडेकडेने हळूहळू खाली आणलं, खाडी ओलांडली आणि दोन घरं खाली येऊन थांबले.

"तू कराडची, तुला काय कळणार! तू ठेवलंस ते शिरगाव," ते म्हणाले. "केळवं इथे. चला, फासे द्या."