शैलाताईंचे फालतू प्रश्न

रक्त काढण्याआधी शैलाताई समोरच्याला इतके प्रश्न विचारत, की माणूस सुईची भीती विसरून जाई. दाढ दुखते का? पायाला काही लागलं का? परवा लग्नात काय जेवलात? उत्तरं त्या फॉर्मच्या समासात लिहीत, कारण फॉर्मात त्यांना जागाच नव्हती. "दिल का मामला है दीदी, दाँत से क्या?" असं कुणी म्हटलं, की त्या म्हणत, "भैया, खून तो एक ही है ना!"

त्या मूळच्या तासगावच्या. नवरा हवाई दलात, म्हणून लखनौला आल्या आणि आमच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून रमल्या. मी तिथला नवा संशोधक. ज्यांच्या हृदयाला जन्मतः छिद्र आहे किंवा झडप वेडीवाकडी आहे, त्यांच्या रक्तात दाह दाखवणारं सीआरपी नावाचं प्रथिन दुसरा काही आजार नसतानाही थोडं चढलेलं असतं का, हे आम्ही शोधत होतो. मला उत्तराची घाई, त्यांना माणसांची उत्सुकता. मला त्यांचे प्रश्न फालतू वाटत.

एकदा त्या रजेवर असताना बख्शी का तालाब या जवळच्या गावातल्या, झडप वेडीवाकडी असलेल्या एका शिक्षिकेचं रक्त मीच काढलं. आकडा एवढा चढा आला, की माझा सुबक आलेख बिघडला.

"सर्दीबिर्दी असेल. खोडून टाकतो," ताई परतल्यावर मी म्हणालो.

"अच्छा? विचारलंस तिला?"

"नाही."

"मग आकड्यावर कशाला रागावतोस? चल, स्कूटर काढ."

शिक्षिका अंगणात वह्या तपासत बसली होती. "बस, शाम को हल्का बुखार आता है, दीदी. तीन हफ्ते से. थकान होगी."

झडप बिघडलेल्या माणसाला असा रेंगाळणारा ताप आला, तर जंतू झडपेवर बसलेले असू शकतात, हे मला तोंडपाठ होतं. विचारायचं तेवढं राहिलं होतं. ताईंनी तिच्या हातातली वही मिटली आणि त्याच दुपारी तिला इस्पितळात नेलं. जंतू झडपेवरच निघाले. कित्येक आठवडे शिरेतून औषधं चालली आणि बाई वाचली.

पुढे शैलाताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या चहाला प्रयोगशाळेचे साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वो टीचर वाला केस तो इसी लड़के ने पकड़ा था!" सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या ताईंनी. मी मान खाली घालून समोसा खात राहिलो.

तो आकडा मी खोडणार होतो, हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. मीही आज पहिल्यांदाच सांगतोय.