दाराबाहेर खुर्ची

आमच्या शेजारचा फ्लॅट बरेच दिवस रिकामा होता. एका शनिवारी तिथे एक मराठी बाई राहायला आली. पन्नाशीची, एकटी, केस बारीक कापलेले, आणि सामान म्हणाल तर दोन सुटकेसा आणि खुर्च्याच खुर्च्या. टेबल नाही, सोफा नाही, पलंगसुद्धा दुसऱ्या दिवशी आला. माझ्या नवऱ्याने लिफ्टपासून खुर्च्या उचलून आणायला मदत केली आणि घरात येऊन हळूच म्हणाला, "शाळा काढणार आहेत की काय इथे?"

ती फर्निचर डिझायनर होती. मूळची पुण्याची, पण मधली दहा-बारा वर्षं दक्षिण इटलीतल्या एका लहान गावात काढून आलेली. इथल्या वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीने तिला वयस्कर माणसांसाठी खुर्च्या करायला बोलावलं होतं. मी तिला ताई म्हणायला लागले. 'अहो ताई' म्हटल्यावर तिने हात जोडले. "अहो-जाहो नको गं बाई. मी इतकी वर्षं परक्या भाषेत बोलले, आता मराठीत तरी मला कुणी अगंतुगं करू दे."

सोमवारी ऑफिसातून येताना मी यिशुन स्टेशनवर उतरले, मार्केटमधून भाजी घेतली आणि लिफ्टने वर आले, तर ही कॉरिडॉरमध्ये दाराबाहेर एका बुटक्या खुर्चीवर बसून चवळीच्या शेंगा मोडत होती. आमच्या मजल्यावर असं कुणी बसत नाही. सगळ्यांची दारं बंद, बाहेरची लोखंडी जाळी बंद, चपलांच्या स्टँडवरूनच कोण घरात आहे ते कळायचं.

"ताई, किल्ली विसरलीस का आत?"

"नाही गं. बसलेय."

"इथे?"

"मग आत भिंतीकडे बघत काय बसायचं? ये, माझ्याकडची एक खुर्ची आण बाहेर."

मला कुकर लावायचा होता, मुलीचा अभ्यास बघायचा होता. तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "लाव आणि ये. कुकरला तू समोर उभी लागत नाहीस."

मी खरंच कुकर लावून आले. तिच्या आतल्या खुर्च्यांपैकी गवताच्या पिळलेल्या दोऱ्यांनी विणलेली एक बाहेर आणली आणि बसले. ऑफिसातून आल्यावर लगेच असं नुसतं बसणं मला माहीतच नव्हतं. समोरच्या ब्लॉकवर कपडे वाळत होते, खाली कुणीतरी सायकल शिकत होतं. शेंगा मोडता मोडता ताईने मला तिच्या त्या गावाची गोष्ट सांगितली.

ती तिथे गेली होती एका सोफ्याच्या कारखान्यात, सहा महिन्यांसाठी. गावात इंग्रजी कुणाला येत नव्हतं, हिला इटालियन येत नव्हतं. थंडी आणि पाऊस. रोज रात्री एकटीने ब्रेड आणि चीज खायचं. एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरची विधवा बाई जिना चढून आली. घरी बसून सोफ्यांची कव्हरं शिवायची ती. तिने हिच्या हातात झाकलेलं ताट दिलं. सालं काढलेल्या, वालासारख्या मोठ्या कडधान्याचं घट्ट वरण, वर ऑलिव्ह तेलाची धार, शेजारी उकडलेली कडसर पालेभाजी.

"मी पहिला घास घेतला आणि मला रडू फुटलं," ताई म्हणाली. "चव काही आपल्यासारखी नव्हती. पण ताटावर झाकण घालून आणलं होतं ना तिने, ते आपल्यासारखं होतं."

मग उन्हाळा आला. त्या गावात उन्हाळ्यात संध्याकाळी सगळे आपापली खुर्ची घेऊन रस्त्यावर दारासमोर बसतात. वाऱ्याला. त्या बाईने हिला खिडकीतून हाक मारली: ये, पण खुर्ची तुझी तू आण. आणि हिच्याकडे खुर्ची नव्हती! दिवसभर सोफे आखायची आणि घरी पलंगाच्या कडेवर बसून जेवायची. त्या आठवड्यात हिने कारखान्यातल्या उरल्यासुरल्या लाकडाची एक खुर्ची केली आणि मोठ्या ऐटीत खाली नेली. सगळी गल्ली तिच्यावर बसून गेली. एक म्हणाला, पाठ टोचते. दुसरी म्हणाली, मांडीवर वाटाण्याची पाटी घेतली की पुढे झुकते. तिसरा बसला आणि उठलाच नाही, पण तो तसा कुठेही झोपायचा. हिने खुर्ची वर नेली, बदलली, पुन्हा खाली आणली. असं पुढची कितीतरी वर्षं चाललं. सहा महिन्यांचं काम केव्हाच संपलं होतं, तरी ती तिथेच राहिली. एका भाड्याच्या गाळ्यात स्वतःचं काम सुरू केलं. नवी खुर्ची झाली की आधी गल्लीत, मग बाहेर विकायला.

त्या विधवा बाईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ताईने तिच्यासाठी जरा उंच, हातांवर जोर देऊन उठता येईल अशी खुर्ची केली. ती बाई शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच खुर्चीवर बाहेर बसायची. ती गेल्यानंतर ताईचं तिथे मन लागेना. त्याच खुर्चीचा फोटो वन-नॉर्थच्या कंपनीने कुठेतरी पाहिला आणि बोलावणं पाठवलं.

मला आठवतं, त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या आणि डाळीचा अगदी लगदा झाला.

हळूहळू आमचा मजला बाहेर यायला लागला. कोपऱ्यावरच्या घरातल्या मलय मकचिक, म्हणजे आपल्याकडच्या मावशी, सुरुवातीला नुसत्या हसून जायच्या. ताईने त्यांना एका संध्याकाळी डबाभर कडक, गोल कड्या दिल्या. बडीशेप घातलेल्या, आपल्या कडबोळ्यांसारख्याच, पण आधी उकळत्या पाण्यातून काढून मग ओव्हनमध्ये भाजलेल्या. इटलीत त्यात वाइन घालतात. मकचिकना चालणार नाही म्हणून ताईने पाणी आणि लिंबू घातलं होतं, आणि तसं त्यांना आधीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी मकचिक खोबऱ्याचे कुए, म्हणजे त्यांच्याकडच्या गोड वड्या, घेऊन आल्या आणि खुर्चीत बसूनच राहिल्या.

दोन दारं सोडून एक चिनी अंकल राहायचे. निवृत्त बस ड्रायव्हर, बायको गेलेली. लिफ्टमध्ये भेटले की "जेवलीस का?" एवढंच विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडायचे. ते स्वतःचं लाल प्लास्टिकचं स्टूल घेऊन आले. ताईने खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "तुझी खुर्ची फार चांगली आहे. मी झोपून जाईन."

आणि मग ब्लॉकची देखभाल बघणाऱ्या कार्यालयाची नोटीस आली. कुणीतरी तक्रार केली होती. कॉरिडॉर मोकळा ठेवा, आगीच्या वेळी अडचण होईल, अशा अर्थाची. मला संताप आला. माणसं चार शब्द बोलायला लागली तर कुणाच्या पोटात दुखलं? ताई मात्र शांत होती. "बरोबर आहे त्यांचं. आग लागली आणि मकचिक माझ्या खुर्चीत अडकून पडल्या तर?" तिने टेप आणली आणि कॉरिडॉर मोजायला लागली. व्हीलचेअर जायला किती जागा लागते, स्ट्रेचरला किती.

मी सुचवलं, आपण खाली व्हॉइड डेकमध्ये, इमारतीखालच्या मोकळ्या जागेत बसू, तिथे दगडी टेबलं आहेत. एक दिवस बसलोही. अंकल आले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "खाली माझं दार नाही." मग आम्ही पुन्हा वरच बसायला लागलो.

नेमक्या त्याच दिवसांत माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. त्याच्या कंपनीने अख्खी टीमच बंद केली. पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, असल्यामुळे देश सोडायची वेळ नव्हती, पण त्याने घर सोडणंच सोडलं. दिवसभर आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचा. मित्रांचे फोन घ्यायचा नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला चल म्हटलं तर "तिथे सगळे विचारतील," म्हणायचा. मुलगी एकदा इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, एव्हरीबडी'ज डॅड ऑल्सो लाइक दॅट लाह," तर जेवता जेवता उठून गेला.

मी ताईला सांगितलं. तिने मला काही सल्ला दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजवली आणि मला बाजूला करून थेट त्याला हाक मारली.

"अरे, मला एक माणूस हवाय. बसायला."

"काय?"

"बसायला आणि उठायला. नवी खुर्ची करतेय. माझं वजन कमी पडतं. तुला वेळ आहे ना?"

"वेळच वेळ आहे, ताई," तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात थोडी चेष्टा होती.

ती खुर्ची अशी होती: माणूस उठला की बैठक आपोआप वर मिटायची, थिएटरातल्या खुर्चीसारखी, आणि मग अख्खी खुर्ची चपटी होऊन आत भिंतीवरच्या हुकाला टांगता यायची. हात मात्र भक्कम, जोर देऊन उठता येण्यासारखे. पहिला नमुना उठल्याबरोबर फाडकन मिटायचा. नवऱ्याची पँट त्यात अडकली आणि तो पानशेतचं धरण फुटल्यासारखा ओरडला. घरी आला तेव्हा हसत होता. मग तो रोज जायला लागला. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार सावकाश मिटतं, तसली बिजागरी इथे बसेल का, हे त्यानेच विचारलं. दोघे हार्डवेअरच्या दुकानांतून फिरले, वाद घातले, ताईच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवले. तिने त्याला कानाच्या पाळीएवढा पास्ता अंगठ्याने कसा वळायचा ते शिकवलं. संध्याकाळी मी घरी यायचे तर याच्या कोपरापर्यंत पीठ.

सावकाश मिटणारी खुर्ची तयार झाली त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन बसला. अंकल आपल्या स्टूलवर होते. त्यांनी त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"हल्ली दिवसा घरी असतोस. काढलं?"

नवरा म्हणाला, "हो."

"मलाही काढलं होतं. बसच्या आधी मी कारखान्यात होतो. तो कारखाना निघून गेला दुसऱ्या देशात." मग त्यांनी स्टूल जरा जवळ सरकवलं. "बायकोला सांगितलंस ना? मी तीन महिने सांगितलं नव्हतं. डबा घेऊन रोज बाहेर जायचो, पार्कात खायचो. मूर्ख."

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं," नवरा म्हणाला.

"मग तू माझ्यापेक्षा हुशार," अंकल म्हणाले आणि त्यांनी मकचिककडून आलेल्या कुएची बशी त्याच्यापुढे केली.

तक्रारीचं काय झालं ते बघायला त्या कार्यालयातला एक तरुण अधिकारी आला. ताईने त्याच्याशी हुज्जत घातली नाही. "आधी बस," एवढंच म्हणाली. तो अवघडून बसला, उठला, मागे वळून बघतो तर बैठक सावकाश वर जाऊन खुर्चीच्या पाठीला लागलेली. तो पुन्हा बसला. पुन्हा उठला. मग त्याने स्वतःच टेप मागून जागा मोजली. शेवटी म्हणाला, "आंटी, बसा, पण उठलात की आत न्यायची. रात्री बाहेर एकही दिसता कामा नये." जाताना त्याने विचारलं, अशी खुर्ची माझ्या आईसाठी कुठे मिळेल?

कुठेच मिळत नव्हती. ताईच्या कंपनीला ती पसंत पडली नाही. विकायला फार साधी आहे, म्हणाले. ताईला वाईट वाटलं असणार, पण तिने त्याचं रडगाणं केलं नाही. कंपनीला हव्या तशा खुर्च्या ती दिवसा करत राहिली आणि सुट्टीच्या दिवशी भाड्याच्या वर्कशॉपमध्ये आमच्या मजल्यासाठी एकेक खुर्ची. प्रत्येकाची उंची वेगळी. अंकलची सगळ्यात शेवटी झाली, कारण ते मोजमाप द्यायलाच तयार नव्हते. त्या अधिकाऱ्याच्या आईसाठीही एक केली, त्याने स्वतः येऊन लाकूड तासून दिल्यावर.

मी पेशाने अकाउंटंट. कशाचा काय उपयोग, हे विचारायची मला सवय. ताईकडे बघताना मला नेहमी वाटायचं, हिने कधी माणसं जोडायची असं ठरवून काही केलं नाही. ती फक्त बसायची सोय नीट करायची. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाला पाठीला आधार लागतो, कुणाला भिंतीकडे पाठ करून बसलं की बरं वाटतं, हे ती लक्षात ठेवायची, आणि उरलेलं माणसं आपली आपण करायची. तिच्या गावातही असंच झालं असणार. मला हे जमत नाही. मी लोकांना घरी बोलावते तेव्हा चार पदार्थ करते आणि सगळा वेळ गॅसपाशी उभी असते.

नवऱ्याला काही महिन्यांनी आधीपेक्षा लहान कंपनीत काम मिळालं. पहिल्या दिवशी जाताना त्याने ताईच्या पाया पडायचा प्रयत्न केला आणि तिने त्याला टपली मारली.

गेल्या वर्षी ताईच्या फ्लॅटच्या मालकांनी तो विकायला काढला आणि तिला बिशानला जागा बघावी लागली. सामान हलवायला अख्खा मजला. मकचिकनी पुढच्या आठवडाभराचं खाणं बांधून दिलं. अंकल लॉरीवाल्यावर असे खेकसत होते की तो बिचारा एकेक वस्तू अंडी उचलावीत तशी उचलत होता.

मध्यंतरी कळलं की ताईला ताप आहे. फोनवर म्हणाली, काही नको गं, सर्दी आहे. मी रविवारी मऊ भात, मेतकूट आणि तूप घेऊन बिशानला गेले. ती पांघरूण घेऊन पलंगावर बसली होती, नाक लाल, आवाज बसलेला. मला आठवेना, आजवर मी तिला कधी वाढलं होतं का. नेहमी तीच वाढायची.

मी वाटीत भात घातला, तूप सोडलं, चमचा तिच्या हातात दिला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. त्या विधवा बाईची मुलगी, दर रविवारी फोन करते. पडद्यावर एक जाडजूड, हसरी बाई इटालियनमध्ये भराभर बोलायला लागली. ताईने वाटी कॅमेऱ्यासमोर धरली, काहीतरी सांगितलं, आणि ती बाई एकदम माझ्याकडे बघून हात हलवायला लागली.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"विचारतेय, कुणी केलं. मी म्हटलं, माझ्या बहिणीने."

मीही हात हलवला. फोन ठेवल्यावर ताईने एक घास खाल्ला, मान तिरकी केली आणि म्हणाली, "मीठ कमी आहे गं. आणि लिंबाचं लोणचं आणलं नाहीस?"

मी उठून तिच्या स्वयंपाकघरात मीठ शोधायला गेले.