फोटोतल्या बाईची घागर

ये वं मंगल, अशी जवळ बस. नागपुरातून फुईला नुसता निरोप धाडतेस, "कोणत्या तोंडानं येऊ?" म्हणून. बापाच्या बहिणीशी असं वागतात का? आता मी हे पेपरातच लिहिते, म्हणजे तुला टाळता यायचं नाही, आणि माझा भाऊ कसा होता ते चार लोकांनाही कळेल.

शेजारच्या मेडिकलवाल्याकडं फोन आला तेव्हा मी फैजपूरला गच्चीवर पापड वाळत घालत होते. "धुळ्याचे सर गेले" एवढंच तो खालून बोलला. मी वेळेत पोचले, तू पोचलीस ती सगळं आटोपल्यावर. भाऊनं, तुझ्या आबांनी, आधी बोलावलं होतं आणि तू म्हणालीस, पोरांच्या परीक्षा होऊ द्या... तेच तुला खातंय, ठाऊक आहे मला. त्या दिवशी तू रडलीसुद्धा नाहीस. भिंतीवरच्या त्या फोटोसमोर उभी राहिलीस आणि दुसऱ्या दिवशी गाडी धरलीस.

तो फोटो भाऊनं जळगावच्या एका रद्दीवाल्याकडून आणला होता. जुन्या इंग्रजी मासिकाचं पान, त्याला फ्रेम केलेली. आयर्लंड देशातल्या डब्लिन शहराचा रस्ता. तिथल्या लोकांनी इंग्रजाविरुद्ध बंड केलं, इंग्रजानं तोफा डागल्या, त्यानंतरचा. माड्यांच्या नुसत्या भिंती उरलेल्या, रस्ताभर विटा, आणि कडेला टोपली घेतलेली एक बाई. भाऊ इतिहासाचा मास्तर, तेव्हा मला वाटायचं, शिकवायला लावलाय. शिकवणीची मुलं विचारायची, "सर, यात बंड करणारे कुठं आहेत?" भाऊ म्हणायचा, "ते नाहीत यात. त्यांचे फोटो दुसरीकडं मिळतील." आणि विषय बदलायचा.

तू तेव्हा लहान होतीस. आमची माय अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, धुळ्याला आली होती. आपल्याकडं अखाजीला गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात, उंबऱ्यावर एकेकाचं नाव घेऊन कुंकवाचं बोट ओढतात. मायनं आमच्या वडिलांच्या फोटोला कुंकू लावलं, आजोबांच्या लावलं आणि त्याच हातानं या फोटोलाही लावलं. नेमकं त्या टोपलीवाल्या बाईवर. मला हसू आवरेना. म्हटलं, "माय, हाई तं इलायतनी बाई शे." माय डोळे बारीक करून म्हणाली, "माले वाटनं आपली कासारीन शे."

मी ओल्या फडक्यानं काच पुसायला गेले तर भाऊनं माझा हात धरला. खाटेवर बसला आणि म्हणाला, "मायनं बरोबर ओळखलं. म्हणूनच लावलाय मी तो."

बेचाळीसच्या चळवळीत भाऊ आणि त्याच्या मित्रांनी आमच्या गावची चावडी पेटवली, हे गावात सगळ्यांना माहीत. झेंडावंदनाला त्याला स्टेजवर बोलवायचे आणि तो दरवर्षी काहीतरी दुखणं काढायचा. तू रुसायचीस, की सगळ्यांचे बाप हार घालून घेतात, माझाच का नाही. चावडीला लागून कासारणीचं घर होतं, हे मात्र कोणी बोलत नसे. एकटी विधवा बाई. त्या दिवशी वारा फिरला. बांगड्यांच्या काचेचा वितळून गोळा झाला होता म्हणे. रिकामी टोपली घेऊन ती बाई पाचोऱ्याकडं निघून गेली. भाऊ तुरुंगातून सुटल्यावर तिला शोधायला गेला, पण पत्ता लागला नाही.

"तिनं तेव्हा मला शिवीसुद्धा दिली नाही," भाऊ म्हणाला. "नुसती बघत राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

माय म्हणाली, "मंग भर ना तिना नावनी घागर." पण भाऊ अडला. बाई जिवंत असली तर? जित्या माणसाच्या नावानं घागर भरायची म्हणजे अभद्रच की. शेवटी त्यानं आपलीच एक रीत काढली. घरच्या घागरी आत भरायच्या आणि एक दाराबाहेर रस्त्यावर ठेवायची, वर डांगर म्हणजे आपलं खरबूज, दोन सांजोऱ्या. जी कोणी बाई पहिली जाईल तिला हात जोडून द्यायची. उंबऱ्यावर तिच्या नावाचं बोट मात्र ओढायचं नाही. दरवर्षी त्याची हीच रीत. बायका बिचकायच्या, एक जण म्हणालीसुद्धा, "मास्तर, काही नवस आहे का हो?" भाऊ म्हणाला, "देणं आहे, ताई." ते फिटलं असं कधी त्याच्या तोंडावर दिसलं नाही मला. पण घागर ठेवणं त्यानं एकदाही चुकवलं नाही.

अगं, बंडवाल्यांचा फोटो लावला असता तर सुखानं झोपला असता. त्यानं ही बाई लावली, जेवताना समोर दिसेल अशी. आणि तू कुलूप बघायला नको म्हणून धुळ्याचं नाव घेत नाहीस.

किल्ली माझ्याकडं आहे. परवा जाऊन घर झाडून आले. काच पुसली, कुंकवाचा ठिपका तेवढा सोडून. भाऊ मला तसंच पुसू द्यायचा... आता अखाजी आली. या वर्षी उंबऱ्यावर भाऊच्या नावाचं पहिलं बोट, ते तुझ्या हातचं हवं. आतली घागर मी भरेन, पण बाहेरची उचलून दारात नेणं आता माझ्या कमरेला झेपत नाही. डांगर मी फैजपूरहून आणते, सांजोऱ्या तू लाट. दोन दिवस आधीच ये, पोरी. दार उघडं ठेवते.