आवणीतले चार दिवस

नव्या इंटर्न मुलीच्या ओढणीला यंत्रावरच्या कूलंटचा तेलकट वास आला आणि मला मुरबाडच्या कारखान्यातलं माल तपासायचं टेबल आठवलं. कॉलेजातून इंटर्न म्हणून आलेल्या मला तिथे फक्त बघायचं होतं. पण भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, लागली आणि माल तपासणारे टोकावड्याचे काका माझ्या हाती जाडी मोजायचा मायक्रोमीटर देऊन शेतावर निघाले.

"काका, मला नाय येत!"

"मग कदी येनार गो? रोपं थांबत नाय माज्यासाठी."

चार दिवस मीच माल मोजून पास केला. पदवीनंतर तिथेच नोकरी लागली. तेव्हा साहेब म्हणाले, "त्या चार दिवसांत तुम्ही जबाबदारी घेतलीत."

घेतली, की गळ्यात पडली? अजून कळत नाही.

आज त्या मुलीला मी बजावलं, "फक्त बघ." मग मायक्रोमीटर तिच्यापुढे ठेवला आणि उगाचच बाहेर गेले.