जहाज पोचलं, असं मी सांगितलं

आम्ही राहतो त्या पार्सिपनीतल्या एका गराज सेलमध्ये ह्यांना शिडाच्या जहाजाचं जुनं चित्र मिळालं. खाली जहाजाचं नाव होतं. तेवढ्यावरून हे कामाला लागले. इंजिनिअर माणूस, नुकताच रिटायर झालेला. कुठलं जहाज कुठून निघालं, कुठे पोचलं, ह्याच्या विमेवाल्यांनी ठेवलेल्या जुन्या याद्या ऑनलाइन वाचता येतात हे कळल्यापासून जेवायलासुद्धा चार हाका माराव्या लागायच्या.

जहाज अठराव्या शतकातलं, एका ब्रिटिश व्यापाऱ्याचं. आधी ते जमैकाची साखर लंडनला न्यायचं. मग फ्रेंचांनी पकडलं, इंग्रजांनी सोडवून आणलं. एकदा कैद्यांना घेऊन ऑस्ट्रेलियाला गेलं, पुढे काही वर्षं देवमाशांच्या शिकारीवर. "अगं, आपलं जहाज केपटाउनला पोचलं बरं का," हे चहा घेताना सांगायचे, मुलीची खुशाली सांगावी तसं.

मग ह्यांना पॅनक्रियाजचा कॅन्सर निघाला. दोन केमो झाल्या, तिसरी ह्यांनीच कॅन्सल केली. शेवटचे दिवस घरीच काढायचे ठरलं, हॉलमध्ये हॉस्पिसचा बेड आला. लॅपटॉप धरवेना, तेव्हा याद्या मी वाचून दाखवू लागले. जहाज म्हातारं झालं होतं, कॅनडाहून लाकूड आणत होतं.

एका दुपारी ती नोंद सापडली. क्वेबेकहून निघालं, त्यानंतर काहीच बातमी नाही.

ती ओळ मी मनातच वाचली. ह्यांनी डोळे न उघडता विचारलं, "काय गं, पोचलं का?"

"पोचलं."

"माणसं?"

"सगळी सुखरूप उतरली."

"आणि जहाज?"

"मोडीत काढलं. लाकूड कुणाकुणाच्या घरांना लागलं."

"बरं झालं," हे म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

तीन दिवसांनी हे गेले. लांब बॉथेलहून आलेल्या मुलीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "इट्स ओके, आई. बाबा हॅपी होते ना?"

होते. पण खरं सांगितलं असतं, तर त्या बुडालेल्या माणसांच्या निमित्ताने हे स्वतःबद्दल बोलले असते. भीती वाटते का, काय राहून गेलं, काहीतरी. चाळीस वर्षांच्या संसारात ते एवढंच बोलणं उरलं होतं. ह्यांना जपायला मी खोटं बोलले, असं ती समजते. ते बोलणं मला झेपलं नसतं, म्हणून मी खोटं बोलले.